वैद्यांनी वैद्यांशी कसे बोलावे

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात विमानस्थान नावाचा विभाग आहे. त्यातला आठवा अध्याय बराच लांब आहे. त्याचे नाव रोगभिषग्जितीय. वैद्यक शिकू पाहणाऱ्याने बाजारात असलेल्या अनेक ग्रंथांतून आपला ग्रंथ कसा निवडावा, गुरू कसा पारखावा, गुरूने शिष्य कसा पारखावा, पहाटे उठून पाठ कसा करावा, असे सांगत तो पुढे सरकतो. ज्ञान मिळवण्याचे तीन उपाय त्यात दिले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिले दोन कोणीही सांगितले असते. तिसरा उपाय म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी बोलणे. बोलणे ही शिकण्याची एक स्वतंत्र रीत मानायची, तिला पाठांतराच्या आणि शिकवण्याच्या बरोबरीने बसवायचे आणि मग तिचे नियम निगुतीने सांगायचे, हे चरकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केले. संस्कृतातल्या शास्त्रीय गद्यात मला याहून प्रिय असलेली पाने फार थोडी आहेत. ती वैद्यांपुरती राहिली याचे वाईट वाटते. ग्रामसभा, संस्थेची कार्यकारिणी, विद्यापीठातली समिती, घरातली वाटणीची बैठक, जिथे जिथे चार माणसे मतभेद घेऊन बसतात तिथे ही पाने कामाची आहेत.

संभाषेचे नियम सुरू होण्याच्या जरा आधी गुरूने शिष्याला केलेला उपदेश येतो. आयुर्वेदाचा पैलतीर कोणालाच लागत नाही, म्हणून मत्सर न धरता दुसऱ्याकडूनही शिकत राहावे, असा त्याचा रोख आहे. शहाण्याला सगळे जग गुरू असते आणि मूर्खाला तेच जग शत्रू असते, तेव्हा हिताची गोष्ट वैऱ्याने सांगितली तरी ऐकावी आणि तशी वागणूक ठेवावी, इथपर्यंत तो उपदेश जातो. पुढच्या सगळ्या नियमांचा पाया हाच आहे. समोरच्याकडून काही मिळू शकते असे ज्याला मुळातच वाटत नाही, त्याला चर्चेचे नियम पाठ करवून उपयोग नाही.

मग संभाषेचे फायदे येतात. चर्चेने अभ्यासाचा उत्साह वाढतो, विषयावर हात बसतो, बोलण्याचे बळ येते, नाव होते. पूर्वी ऐकलेल्या गोष्टीबद्दल शंका असेल तर ती फिटते, शंका नसेल तर खात्री आणखी घट्ट होते, कधी न ऐकलेले काही कानावर पडते. यादी इथपर्यंत सरळ चालते. शेवटी मात्र एक असे वाक्य येते की वाचणारा थबकतो. गुरू प्रसन्न झाला म्हणजे सेवा करणाऱ्या शिष्याला आपल्याजवळचे राखून ठेवलेले ज्ञान थोडे थोडे, क्रमाक्रमाने देतो. तेच ज्ञान चर्चेत जिंकायच्या ईर्षेला पेटलेला माणूस एका दमात, गोळाच्या गोळा, बोलून टाकतो. म्हणून जाणते लोक चर्चेची स्तुती करतात!

किती माणसे जवळून पाहिल्यावर हे वाक्य लिहिता येत असेल. जिंकण्याची हाव वाईट, हे चरकाला पुढे सांगायचेच आहे. तरी त्या हावेतूनही ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते ते तो आधी सांगतो. माणसांनी ईर्षा टाकून सभेत यावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माणसे ईर्षा घेऊनच येणार हे धरून चालणारा आणि त्या ईर्षेसाठी जागा ठेवणारा शास्त्रकार विरळा. वर्षानुवर्षे ज्ञान मुठीत धरून बसलेल्या व्यवस्थेत चर्चेने ती मूठ उघडते, हेही तो न बोलता बोलून गेला आहे.

संभाषा दोन प्रकारची : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. एक सलोख्याची, दुसरी झुंजीची. सलोख्याच्या चर्चेला चरक अनुलोम असेही नाव देतो. तिच्याविषयीचा परिच्छेद जेमतेम सात-आठ ओळींचा आहे आणि या अध्यायाचे सगळे सौंदर्य त्यात एकवटलेले आहे.

हा परिच्छेद सुरू होतो तो कोणाशी बोलावे इथून. कसे बोलावे हे नंतर. ज्याच्याजवळ ज्ञान आहे, विज्ञान आहे, बोलण्याची आणि उत्तर देण्याची शक्ती आहे, जो रागीट नाही, ज्याची विद्या कच्ची नाही, जो दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधत नाही, ज्याची समजूत घालता येते आणि ज्याला समजूत घालता येते, ज्याला श्रम सोसतात, ज्याचे बोलणे गोड आहे, अशाशी ही चर्चा करावी. यादीत विद्वत्ता पहिली आहे, पण ती लवकर आटोपते. उरलेली बहुतेक यादी स्वभावाची आहे. अनुनेय आणि अनुनयकोविद ही दोन विशेषणे चरकाने एकमेकांना चिकटून ठेवली आहेत आणि त्या शेजाराचे मोल मला फार वाटते. दुसऱ्याला पटवण्यात वाकबगार असलेली माणसे आपल्याला सभासभांत दिसतात. त्यांच्याबद्दल कौतुकाने बोलले जाते. तोच माणूस दुसऱ्याचे पटवून घ्यायलाही तितकाच तयार असला पाहिजे, ही अट त्याला सहसा कोणी घालत नाही. चरक घालतो. आणि क्रमही पाहावा : आधी पटवून घेणारा, मग पटवणारा.

श्रम सोसणारा, ही अटही वाचताना सहज निसटून जाण्यासारखी आहे. चर्चा हे कष्टाचे काम आहे. दुसऱ्याचा मुद्दा शेवटपर्यंत ऐकायचा, तो आपल्या शब्दांत मांडून बघायचा, आपले मत मध्येच थांबवून ठेवायचे, याने माणूस दमतो. पुष्कळ बैठका दुष्टपणाने बिघडत नाहीत. कंटाळ्याने आणि घाईने बिघडतात. चर्चेच्या पात्रतेत दमसास मोजणारा हा शास्त्रकार रोज रोगी पाहणारा होता, हे लक्षात येते.

माणूस निवडल्यावर वागणुकीचे नियम येतात, आणि इथे गद्याची चाल बदलते. विशेषणांची लांब माळ संपते आणि तुटक क्रियापदे सुरू होतात. मोकळेपणाने बोलावे. मोकळेपणाने विचारावे. मोकळेपणाने विचारणाऱ्याला अर्थ उलगडून सांगावा. हरू या भीतीने अस्वस्थ होऊ नये. त्याला हरवल्यावर हर्ष मानू नये. चारचौघांत जिंकल्याची बढाई मारू नये. मोहाने एकच टोक धरून बसू नये. जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. दुसरा समजूत घालत असेल तर तीही नीट, रीतसर घालू द्यावी आणि आपणही तशीच घालावी. या सगळ्यात सावध असावे.

चरक इथे कारणमीमांसा देत नाही. दुसरीकडे पानेच्या पाने विवरण करणारा लेखक इथे एकेका वाक्यावर थांबतो आणि पुढे जातो, कारण या गोष्टी पटवून देण्याच्या नाहीत, अंगी लावून घेण्याच्या आहेत. हरण्याची भीती आणि जिंकण्याचा हर्ष ही दोन वाक्ये लागोपाठ आली आहेत, ती एकाच दुखण्याची दोन रूपे म्हणून. हरायला घाबरणारा माणूस जिंकल्यावर फार आनंदतो. आणि जिंकल्यावर फार आनंदणाऱ्यांच्या सभेत बाकीचे हरायला घाबरू लागतात, मग विचारायलाच घाबरू लागतात. जो जिंकला त्याच्यावरही बंधन आहे, हे चर्चेच्या नियमांत क्वचित सापडते. हरणाऱ्याने मन मोठे ठेवावे असे सगळेच सांगतात. जिंकणाऱ्याने काय करावे हे चरक सांगतो.

आणि बढाईचा नियम तर सभा उठून गेल्यानंतरचा आहे. बैठकीत सगळे सभ्यपणे बोलतात. मग बाहेर चहाच्या टपरीवर, जिन्यात, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाजवळ, काल त्याची कशी बोलती बंद केली याची कथा रंगते. त्या कथेने पुढच्या बैठकीचे तोंड बंद होते. चरकाचा नियम त्या जिन्यापर्यंत पोचतो. चर्चा माणसे उठली की संपते असे तो मानत नाही, यातच त्याचा अनुभव दिसतो.

आता दुसरा प्रकार, झुंजीचा. इथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण या अध्यायाचे गोडवे गाणारे पुष्कळदा हा भाग गाळतात. विगृह्य संभाषेत चरक आधी तोलायला सांगतो : आपले गुणदोष, प्रतिस्पर्ध्याचे गुणदोष आणि परिषद, म्हणजे ऐकणारी सभा. प्रतिस्पर्धी आपल्याहून वरचढ, कमी किंवा बरोबरीचा. परिषद जाणती किंवा अजाण. पुन्हा ती स्नेहाची, तटस्थ किंवा आधीच विरोधात उभी ठाकलेली. मग कमकुवत प्रतिस्पर्ध्याला कसे लोळवावे याच्या युक्त्या येतात. ज्याचे पाठांतर कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रांचा मारा करावा. ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्यापुढे अवघड शब्दांची वाक्ये टाकावीत. ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याच्यापुढे वाकडीतिकडी लांब वाक्ये. भित्र्याला भिववावे, चिडक्याला चिडवून थकवावे, बुजऱ्याला लाजवावे. अजाण परिषदेत तर प्रतिस्पर्ध्याला हसावे, बोलायला सवडच देऊ नये, आणि त्याने पुन्हा आव्हान दिले तर अजून वर्षभर शिकून ये म्हणावे.

आत्ताच ज्याने हर्ष मानू नये असे शिकवले त्याच्याच लेखणीतून हे उतरले आहे. मी हा भाग सजवून सांगणार नाही. राजाश्रय, रोगी, कीर्ती यांसाठी वैद्यांत चढाओढ होती, भर सभेत हरलेला वैद्य पोटालाही मुकत असेल, आणि त्या जगात आपल्या शिष्याला निःशस्त्र पाठवायचे नाही, अशी ही गरज असावी. तरीही अजाण सभेत खोट्या रुबाबाने जिंकायला शिकवणे हे शिकवणेच आहे, आणि ते मला पटत नाही. एक उपयोग मात्र निर्विवाद आहे. त्या युक्त्यांची ती यादी वाचा आणि आपण बसलेल्या सभा आठवा. अवघड शब्दांनी दबलेला नवखा, हशात बुडालेला प्रश्न, वाक्य पुरे होऊ न दिलेली बाई, आधी अभ्यास करून या असे ऐकून खाली बसलेला शेतकरी. ज्याने ही दुखणी इतकी नेमकी नोंदवली त्याच्या नोंदीवरून ती ओळखता येतात. वैद्याच्या ग्रंथात आणखी काय हवे?

शिवाय चरक स्वतः तिथे थांबलेला नाही. विरोधात उभ्या ठाकलेल्या परिषदेत, ती जाणती असो की अजाण, कोणाशीही वाद घालूच नये, असे तो स्पष्ट सांगतो. ज्या सभेने आधीच निकाल दिलेला आहे तिथे बोलायचे नाही, ही माघार घेण्याची मुभा फार दिलासा देणारी आहे. झुंजीच्या चर्चेतही युक्तीला धरून बोलावे आणि दुसऱ्याचे युक्त बोलणे नाकारू नये, असा नियम तो पुढे घालतो. झुंजीच्या बोलण्याने काहींच्या मनात तीव्र वैर उपजते. रागावलेला माणूस काय करणार नाही आणि काय बोलणार नाही याचा नेम नाही. सज्जनांच्या सभेत कलह झालेला जाणत्यांना रुचत नाही, असे म्हणून तो ते प्रकरण आवरतो. युक्त्या गद्यात सांगितल्या आहेत, हा इशारा पद्यात. पाठ व्हावे ते पद्यात बांधायचे ही जुनी रीत पाहता चरकाला शिष्याच्या ओठांवर काय राहायला हवे होते ते कळते.

यानंतर येते वादमर्यादा. काय बोलायचे, काय बोलायचे नाही, आणि कशाने माणूस हरला असे धरायचे, हे परिषदेने वाद सुरू होण्याआधी ठरवायचे. आज सभेच्या आरंभी फळ्यावर नियम लिहितात, त्याचा हा पूर्वज. त्यातला तिसरा भाग आपल्याकडे बहुधा सुटतो. कोणता पुरावा समोर आला तर मी माझे म्हणणे सोडीन, हे आधी कबूल करून बसणारे लोक किती मिळतील? ते कबूल नसल्यामुळेच चर्चा संपत नाहीत, नुसत्या थांबतात.

मग 44 पदांची जंत्री येते : प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, उपनय, निगमन, संशय, प्रयोजन अशी पदे घेत ती निग्रहस्थानापर्यंत, म्हणजे हार धरण्याच्या जागेपर्यंत, जाते. न्यायशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिचा पुष्कळ अभ्यास केला आहे. ती सगळी इथे सांगण्याचे कारण नाही. दोनच पाहू. वाक्यदोषांत एक दोष अधिक नावाचा आहे. आयुर्वेदाची चर्चा चालू असताना बृहस्पतीचे किंवा उशनसाचे, म्हणजे राजनीतीचे, शास्त्र काढून बसणे हा अधिक दोष. आणि विषयाला धरून असले तरी तेच दोनदा सांगणे हाही अधिक दोष. दुसरे पद छल, म्हणजे शब्दच्छल. त्याचे उदाहरण तर छोटे नाटकच आहे. एक म्हणतो, हा वैद्य नवतंत्र आहे. वैद्य उत्तर देतो, माझी नऊ तंत्रे नाहीत, एकच आहे. पहिला म्हणतो, नऊ म्हणत नाही मी, तुम्ही तंत्र नव्याने शिकला आहात असे म्हणतो. वैद्य म्हणतो, नव्याने कुठले, कितीदा तरी शिकलो आहे. दोन माणसे एका शब्दाभोवती फिरतात आणि रोगी बाहेर वाट पाहत राहतो. चरकाने उदाहरण आपल्याच व्यवसायातले आणि जरा बोचणारे निवडले, हे मला आवडते.

नियम सांगणाऱ्याने ते पाळून दाखवलेत का, हे पाहायचे तर संहितेच्या सूत्रस्थान या विभागाकडे जावे लागते. तिथे ऋषींच्या सभा भरतात. सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात रस किती यावर चर्चा आहे. भद्रकाप्य म्हणतो एक, शाकुंतेय दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, विदेहाचा निमी सात, बडिश धामार्गव आठ, आणि बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन म्हणतो, असंख्य. प्रत्येकाला आपले कारण सांगायला पुरते वाक्य मिळते. दूर बाह्लीकाहून आलेल्याचेही नाव, गाव आणि मत नोंदले जाते. ज्यांचे मत शेवटी टिकले नाही त्यांची मते ग्रंथातून पुसलेली नाहीत. या सभांत बोलणारे सगळे पुरुष आहेत, ही उणीव ठसठशीत दिसते आणि ती सांगितलीच पाहिजे.

त्याआधी बाराव्या अध्यायात वायूच्या गुणकर्मांची चर्चा चालू असताना वार्योविद मोठे भाषण करतो. मरीची विचारतो, हे सारे खरे असले तरी वैद्यकात ते सांगण्याचे आणि जाणण्याचे प्रयोजन काय? कुठल्याही बैठकीत हा प्रश्न विचारणारा एक तरी माणूस हवा. वार्योविद रागावत नाही. वैद्याने अतिबलवान वायू आधी ओळखला नाही तर तो कोपला असता रोग्याला कसा वाचवणार, असे सरळ उत्तर देतो. मग मरीची पित्तातल्या अग्नीबद्दल सांगतो, काप्य कफातल्या सोमाबद्दल. शेवटी सभेचा अध्यक्ष पुनर्वसू आत्रेय निवाडा करतो : तुम्ही सर्वांनी बरोबर सांगितले, फक्त एकांतिक बोलणे तेवढे सोडून. वर सलोख्याच्या चर्चेत एकच टोक धरू नये हा जो नियम आला तोच इथे निवाड्याच्या रूपात उभा आहे. कोणाचे म्हणणे तो खोडत नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यातला फक्त ‘हेच’ काढून घेतो.

पंचविसाव्या अध्यायात मात्र त्याचा सूर कडक होतो. माणूस कशापासून झाला आणि रोग कशापासून, असा काशीचा राजा वामक याचा प्रश्न. आत्मा, मन, रस, षड्धातू, आईबाप, कर्म, स्वभाव, प्रजापती, काल, अशी उत्तरांची रांग लागते आणि प्रत्येक जण आधीच्याचे खोडून आपले ठेवतो. पुनर्वसू म्हणतो, असे भांडू नका. पक्ष धरून बसणाऱ्याला तत्त्व मिळत नाही. वाद आणि प्रतिवाद ठरलेलेच असल्यासारखे बोलणारे घाण्याला जुंपल्यासारखे गोल फिरतात आणि कुठेही पोचत नाहीत. इतक्या आदरणीय मंडळींना तोंडावर हे सांगणारा अध्यक्ष आणि ते ऐकून घेणारी सभा, दोन्ही दुर्मीळ. त्यानंतर तो स्वतःचे उत्तर देतो : ज्या भावांच्या, म्हणजे घटकांच्या, सुस्थितीतून माणूस घडतो, त्यांच्याच बिघाडातून रोग होतात. नऊ उत्तरांच्या भांडणाला वळण देणारे हे एक वाक्य.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातले वादाचे प्रकरण आवरताना चरक एक साधी अट घालतो. वैद्यांचा वाद आयुर्वेदापुरताच चालावा, इतरत्र जाऊ नये. सगळा विचार करून बोलावे. तुटक, न पारखलेले, गोंधळाचे बोलू नये. आणि जे बोलायचे ते कारणासह बोलावे. कारणासह केलेले सगळे वाद गढूळ नसतात आणि ते उपचाराला उपकारक होतात, कारण त्यांनी बुद्धी वाढते. चर्चेचा शेवट रोग्यापाशी होतो. चरकाच्या नियमांना जे बळ आहे ते या एका गोष्टीमुळे : सभेबाहेर एक आजारी माणूस आहे आणि कोण जिंकले याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

संहितेत आठ स्थाने आणि 120 अध्याय आहेत. सगळे वाचण्याची गरज नाही. चक्रपाणिदत्ताच्या अकराव्या शतकातल्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1941 मध्ये काढली, आणि मराठी भाषांतरासह संहिता आज सहज मिळते. विमानस्थानाचा आठवा अध्याय काढा, संधाय संभाषेचा परिच्छेद शोधा, आणि आपल्या पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.